नावापुढची चांदणी

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी लिहायचे म्हणजे 'बँकांचे राष्ट्रीयीकरण' नाहीतर 'वाढती महागाई', असा आमच्या वर्गात एक समज आहे. मीही संपादकांना आधी असाच एक विषय सांगून मोकळा झालो होतो. पण गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक घडली आणि ती सांगितल्याशिवाय दुसरे काही लिहायला हात धजेना. तेव्हा महागाईचे पुढच्या वर्षी पाहू. ती कुठे जात नाही.

चूक एका चिन्हाची आहे. शाळेत चांगले अक्षर काढले की बाई वहीवर लाल शाईने चांदणी काढून द्यायच्या, तीच ही. कन्नड विभागातला माझा मित्र तिला 'चुक्की' म्हणतो. त्याच्या भाषेत ठिपकाही चुक्की आणि आकाशातली चांदणीही चुक्कीच. संगणकाच्या कळफलकावर ती आठाच्या डोक्यावर बसलेली असते आणि गुणाकाराखेरीज तिचे दुसरे काही काम असेल अशी मला बारावीपर्यंत शंकाही आली नव्हती.

आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला, बसने पाऊण तास. गावात एक लहानशी क्रेडिट सोसायटी आहे. तिचे नाव इथे घेत नाही आणि पुढे येणारी माणसांची नावेही बदलली आहेत. सोसायटीचे सभासद रजिस्टर पहिल्यापासून मराठीत. लांबट, कापडी पाठीचे, उघडले की जुन्या शाईचा वास येणारे. अलीकडे सर्व सभासदांकडून नव्याने केवायसीचे फॉर्म भरून घेतले गेले. फॉर्म कन्नडमध्ये छापलेले, ते भरून घेणारा मुलगा कन्नड माध्यमाचा, त्यामुळे ही दुसरी यादी संपूर्ण कन्नडमध्ये झाली. इकडे ११८६ मराठी नावे, तिकडे ७४२ कन्नड नावे. सेक्रेटरी मला म्हणाले, "तू बी.कॉम. करतोस, तुला दोन्ही भाषा येतात, कॉम्प्युटर येतो. कोण कोण जुळतंय ते बघ. जे जुळतील त्यांचा साठलेला लाभांश खात्यावर जमा करू. जे जुळणार नाहीत त्यांच्या घरी पत्र पाठवू."

सभासद क्रमांकावरून का नाही जुळवले, असे आमचे अकाउंटन्सीचे सर हे वाचताना नक्की विचारतील. सर, मीही तेच विचारले होते. संगणक आला तेव्हा सगळ्यांना नवे क्रमांक मिळाले. जुना क्रमांक ज्या पुस्तकावर होता ती पुस्तके कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या छपरात. फॉर्मवर क्रमांकाचा रकाना होता, तो बहुतेकांनी कोरा सोडला. राहिले फक्त नाव. आणि नाव म्हणजे आमच्या भागात काय प्रकरण आहे, ते इथल्या वाचकांना मी सांगायला नको. एकच माणूस मराठी शाळेत यल्लाप्पा, रेशन कार्डावर यल्लप्पा, कन्नड कागदावर यल्लप्प. घरी विचाराल तर यल्लू.

पहिले दोन दिवस मी बोट ठेवून हाताने जुळवले. दीडशे नावे झाली आणि डोळे गळायला लागले. मग बी.सी.ए.ला असलेल्या त्या कन्नड मित्राला फोन केला. तो सायंकाळच्या बसने लॅपटॉप घेऊन आला आणि आमच्या पडवीत बसून त्याने मला पायथन शिकवले. पायथन ही संगणकाला हुकूम देण्याची एक भाषा आहे. गिडो व्हान रॉसम नावाच्या डच गृहस्थांनी ती केली आणि १९९१ साली ती बाहेर आली. मराठी माध्यमाच्या मुलाला धीर देणारी एक गोष्ट त्यात आहे: हुकूम इंग्रजीतच द्यायचे, पण आपल्या वस्तूंना नावे देवनागरीतही देता येतात. मी माझ्या यादीचे नाव 'यादी' असेच ठेवले आणि यंत्राने ते निमूटपणे मान्य केले. बारा वर्षे मराठीत शिकल्याचा मला त्या रात्री जितका आनंद झाला तितका दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

पहिला प्रश्न लिपीचा. कन्नड यादी देवनागरीत आणायची कशी? मित्राने इथे एक गंमत दाखवली. संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये एक क्रमांक असतो. आपल्या 'क'चा २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'ख' घ्या, 'म' घ्या, 'ळ' घ्या, काना घ्या, उकार घ्या, फरक ८९६च. कारण भारतीय लिप्यांची ही मांडणी १९८८ सालच्या 'इस्की' या आपल्याकडच्याच संकेतावर बेतलेली आहे आणि त्यात सर्व लिप्यांना एकाच बाराखडीच्या खणांत बसवले होते. म्हणजे कन्नड नावातल्या प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की मराठी अक्षर समोर उभे. अगदी सगळीच अक्षरे अशी उतरत नाहीत. कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए असे दोन आहेत, आपल्याकडे एकच. तिथला ऱ्हस्व ए इकडे आला की मराठीने कधी न वापरलेल्या एका मात्रेच्या वेषात उभा राहतो. पण नावांपुरते काम भागले. ज्या दोन लिप्यांच्या पाट्यांवरून आमच्या जिल्ह्यात एवढे रामायण होते, त्यांच्यामध्ये वजाबाकीचे एकच गणित उभे आहे, हे पाहून आम्ही दोघे थोडा वेळ गप्प बसलो. मग आईने चहा आणला.

लिपी एक झाली तरी लेखन एक होत नाही. कन्नडमधून आलेला 'मारुति' ऱ्हस्व, आमचा 'मारुती' दीर्घ. यंत्राला ही दोन वेगळी माणसे. त्यासाठी मित्राने जी युक्ती सांगितली तिचे इंग्रजी नाव 'वाइल्डकार्ड'. मी ते रात्री शब्दकोशात तुकडे करून पाहिले: वाइल्ड म्हणजे रानटी, कार्ड म्हणजे पत्ता. रानटी पत्ता! दुसऱ्या दिवशी मित्र हसून म्हणाला, "अरे, रमीतला जोकर." मग एका क्षणात कळले. जोकर ज्या पानाच्या जागी लावावा ते पान होतो. हेही तसेच.

पायथनमध्ये यासाठी 'एफ-एन-मॅच' नावाचा एक तयार भाग मिळतो. मुळात तो फायलींची नावे शोधण्यासाठी आहे, पण त्याला फाईल काय आणि माणूस काय, नाव ते नाव. त्यात जोकर मोजकेच. प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर. एकच, कमी नाही, जास्त नाही. चांदणी म्हणजे काहीही: एक अक्षर, दहा अक्षरे, किंवा काहीच नाही. चौकटी कंसात अक्षरे लिहिली की त्यांपैकी कोणतेही एक: [शस]ट्टुप्पा म्हटले की शट्टुप्पाही सापडतो आणि सट्टुप्पाही. आणि त्याच कंसात सुरुवातीला उद्गारचिन्ह घातले की उलट, म्हणजे यांच्यापैकी सोडून कोणतेही. संपले. ही जोकरांची पद्धत पायथनच्या फार आधीची. १९७१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत युनिक्सची पहिली आवृत्ती झाली, तिच्यात 'ग्लॉब' नावाचा एक छोटा कार्यक्रम होता, तो हेच काम करीत असे. आपल्या एक्सेलमध्येही चांदणी आणि प्रश्नचिन्ह याच अर्थाने चालतात. आमच्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकात ते कुठेतरी एका ओळीत असावे, जी ओळ परीक्षेला येत नाही.

तर 'मारुत?' असा नमुना दिला की ऱ्हस्व मारुतिही येतो आणि दीर्घ मारुतीही. कसा, ते जरा सांगतो, कारण यात मी चांगला फसलो होतो. माझ्या मते 'मारुती' हे तीन अक्षरांचे नाव. प्राथमिक शाळेत गुरुजींनी तसेच शिकवले: मा, रु, ती. यंत्राच्या हिशेबी मात्र ती सहा: म, काना, र, उकार, त, वेलांटी. काना-मात्रा-वेलांटी ही आमच्या लेखी अक्षराची अंगवस्त्रे. त्याच्या लेखी प्रत्येक वस्त्र एक स्वतंत्र असामी. 'लक्ष्मी' तर दिसायला दोन अक्षरांची, पण त्यात ल, क, पायमोडका हलन्त, ष, पुन्हा हलन्त, म आणि वेलांटी अशी सात मंडळी आत बसलेली. दोन प्रश्नचिन्हे देऊन मी लक्ष्मीला तासभर बोलावत होतो. ती सात प्रश्नचिन्हांशिवाय येणार नव्हती. कंसामागे एकटी वेलांटी टाकली तर पडद्यावर तिला धरायला अक्षरच नसते. मग ती ठिपक्यांच्या एका वर्तुळावर, परक्या घरी आल्यासारखी, अवघडून बसते.

दुसरा धडा असा की हा नमुना पूर्ण नावाशी जुळावा लागतो, तुकड्याशी नाही. नुसते 'पाटील' विचारले तर शंभर पाटलांच्या यादीत एकही सापडत नाही, कारण नुसता पाटील असा कोणी नाहीच. 'पाटील*' म्हटले की सगळे गोळा होतात. आणि तिसरा धडा चांदणीच्या भुकेचा. यल्लाप्पा, यल्लप्पा आणि यल्लप्प तिघेही यावेत म्हणून मी 'पाटील यल्ल*प्प*' असे लिहिले. तिघेही आले. त्यांच्याबरोबर 'पाटील यल्लोजी कल्लाप्पा'ही आले. मला उलगडेना. मग पाहिले तर पहिल्या चांदणीने यल्लोजीतला 'ोजी', मधली मोकळी जागा आणि कल्लाप्पातला 'कल्ला' एवढे सगळे गिळून पुढच्या 'प्प'शी गाठ घातली होती. मोकळी जागाही तिला अक्षरच. मुलाचे नाव सुरू होऊन बापाच्या नावात संपले तरी तिला त्याचे काही नाही.

हे सगळे कळत गेले तसतसा मी नमुने दुरुस्त करीत गेलो. रजिस्टरमधली मराठी नावे हेच माझे नमुने: प्रत्येक नावात शेवटच्या वेलांटीच्या जागी प्रश्नचिन्ह, '-प्पा'च्या कान्याच्या जागी चांदणी, 'परशुराम' आणि 'परशराम' दोघांसाठी 'परश*राम'. पहिल्या खेपेला २०३ नावे जुळली होती. शेवटच्या खेपेला ६८९. शेवटचा आकडा पडद्यावर आला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि मी घरातल्या झोपलेल्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "आले!" म्हणालो. सकाळी यादी छापून सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पाठीवर हात ठेवला. पंधरा दिवसांचे काम सहा दिवसांत झाले म्हणून मला पाकीटही मिळाले. ते मी आईकडे दिले.

त्यानंतर नऊ दिवसांनी एक आज्जी सोसायटीत आल्या. मी सवयीने तिथेच आतल्या बाकावर होतो. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात चार घड्या घातलेला शेअरचा दाखला. नवऱ्याच्या नावाचा. कुणीतरी सांगितले होते की सोसायटी जुने पैसे देते आहे, म्हणून विचारायला आल्या होत्या. काउंटरवरच्या क्लार्कने माझी यादी काढली, बोट फिरवले आणि म्हणाला,

"हे बघा आज्जी, मारुती पाटील. जुळलंय की. गेल्या महिन्यात फॉर्म दिलाय त्यांनी."

"कुणी दिलाय?"

"त्यांनीच की. सही हाय, फोटो हाय, सगळं हाय."

आज्जी जरा वेळ यादीकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हते. मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारले,

"मग घराकडं कसं आले न्हाईत ते?"

क्लार्क हसायला लागला होता, तो मध्येच थांबला. आज्जी चेष्टा करीत नव्हत्या आणि रडतही नव्हत्या. सरकारी, निमसरकारी जागेत छापील कागद दाखवून कुणी काही सांगितले की ते खरे असणार, या हिशेबाने त्यांनी पुढचा प्रश्न विचारला होता. त्यांचे यजमान जाऊन अकरा वर्षे झाली होती.

मी आत जाऊन रजिस्टर काढले. पान सापडले. 'पाटील मारुती' आणि पुढे निळ्या शाईत, थोडी पुसट झालेली, चांदणी. वडिलांचे नाव नाही. सुरुवातीच्या पानांवर बऱ्याच जणांचे नाही, कारण तेव्हा गावात कोण कुणाचा हे लिहून ठेवायची गरज नसावी. मी पुढची पाने उलटली. चांदण्या, चांदण्या. एका पानावर तीन, एकावर एकही नाही, एकावर सात. त्या मी सहा दिवस रोज पाहिल्या होत्या. रजिस्टर टाईप करणाऱ्या मुलीने जसे दिसले तसे इमानाने उतरवले होते, चांदणीसकट. काही ठिकाणी अक्षर लागले नाही तिथे तिने प्रश्नचिन्ह टाकले होते, 'नारा?ण' असे, ते योगायोगाने यंत्राला बरोबर कळले होते आणि नारायण सापडला होता. 'तु?राम' मात्र सापडला नव्हता, कारण तिथे 'का' गेला होता आणि 'का' म्हणजे दोन. प्रश्नचिन्हांची ही गंमत मी मित्राला रंगवून सांगितली होती. चांदण्यांकडे माझे लक्ष गेले नाही. माझ्या स्वतःच्याच चांदण्या एवढ्या झाल्या होत्या की या त्यांच्यात मिसळून गेल्या.

सोसायटीच्या रजिस्टरात चांदणीचा अर्थ मयत.

'पाटील मारुत? *'. यंत्राने वाचले: पाटील, मारुती, आणि पुढे कोणीही. 'पाटील मारुति कल्लप्प' नावाचे एक धडधाकट गृहस्थ फॉर्म भरून गेले होते, दूधडेअरीजवळ राहतात. त्यांचे त्यांच्या स्वतःच्या नोंदीशी जुळलेच होते; शिवाय या नोंदीशीही जुळले. एका माणसाने दोन नोंदी भरून काढल्या. आणि माझ्या कार्यक्रमात एक जिवंत माणूस दोनदा वापरला गेला तर ओरड, असे मी कुठेच लिहिले नव्हते. दुहेरी नोंद पद्धती शिकणाऱ्या मुलाने!

त्या रात्री मित्राला पुन्हा बोलावले. त्याने यादीवर बोट ठेवून विचारले, "ई चुक्की याको?" ही चांदणी कशाला? मी सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने दाखवले की चांदणी ही चांदणीच म्हणून हवी असेल तर तिला चौकटी कंसात एकटीला ठेवायचे: [*]. कंसात गेली की तिची जादू जाते, ती नुसते चिन्ह राहते. एक्सेलमध्ये याच कामासाठी तिच्याआधी एक नागमोडी रेघ द्यावी लागते. एवढेच करायचे होते. 'नावाच्या शेवटी चांदणी आहे अशी सगळी नावे काढ' असा नमुना दिला, '*[*]', म्हणजे पहिली जादूची आणि दुसरी खरी. ९४ नावे आली. त्यांतली ३७ माझ्या यादीत 'जुळले' म्हणून होती. सदतीस घरी पत्र गेले नव्हते, कारण मी सांगितले होते की ती माणसे येऊन गेली.

सेक्रेटरी रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. सुदैवाने पैसे अजून कुणाच्या खात्यावर चढले नव्हते. ऑडिटरची सही राहिली होती म्हणून. सदतीस नावांची वेगळी यादी झाली, पत्रे लिहिली गेली, पाकिटांवरचे पत्ते मी स्वतः घातले. आज्जींच्या घरी मात्र पत्र पाठवण्यात अर्थ नव्हता. तिथे मी गेलो.

घर गल्लीच्या टोकाला, पुढे नांगराचे जुने लाकूड टेकवून ठेवलेले. मी माझी चूक सांगायला सुरुवात केली, आणि सांगता सांगता लक्षात आले की वाइल्डकार्ड, नमुना, युनिकोड यांतले काही इथे सांगण्यासारखे नाही. शेवटी म्हणालो, "आज्जी, तुमच्या मालकांच्या नावापुढं खूण होती, ती मी बघितली नाही." त्या म्हणाल्या, "ऱ्हावू दे की. बस, च्या घे." चहा पिताना त्यांनी विचारले, "माझं नाव हाय काय तुझ्या त्या मशिनीत?"

मी नाही म्हणालो. खरेच नव्हते. त्या सभासद नव्हत्या. नवऱ्याच्या नोंदीत वारसाचा रकाना होता, तो कोरा होता. एकूण पैसे लाभांशासकट दोन हजारांच्या आत. त्यासाठी आता मृत्यूचा दाखला, वारसाचा कागद, दोन साक्षीदार. हे सगळे मी लिहून दिले, आणि माझ्या मामांच्या ओळखीने दाखल्याचे काम पुढे सरकले एवढे सांगतो. पैसे गणपतीच्या आधी मिळाले. त्यांनी त्यातून काय घेतले ते मला माहीत नाही, मी विचारलेही नाही.

नव्या यादीत मी 'मयत' असा स्वतंत्र रकाना केला. होय किंवा नाही. चांदण्या काढून टाकल्या, आणि जुळवण्याआधी सगळ्या नावांतून चांदणी, प्रश्नचिन्ह, कंस शोधून मला दाखव, असा एक हुकूम कार्यक्रमाच्या अगदी वर लिहिला. एक नाव दोनदा जुळले तर थांब, असा दुसरा. हे दोन हुकूम मिळून सहा ओळी होतात.

सुट्टी संपायच्या आधी, जुने सेक्रेटरी आजोबा सहज म्हणून सोसायटीत आले. ऐंशीच्या पुढे वय. रजिस्टरमधली निम्म्याहून अधिक नावे त्यांच्याच अक्षरात आहेत. मी त्यांना विचारले की चांदणीची पद्धत कुणी सुरू केली. ते म्हणाले, "कुणी म्हंजे? मीच. फुली मारायला हात होईना. माणसाच्या नावावर फुली कशी मारायची? मग मातीला जाऊन आलो की आंघोळ करायची, सोसायटीत यायचं, आणि चांदणी काढायची. तवा काय दाखला-बिखला नव्हता रे. मी बघितलं की झालं."

मी त्यांना लॅपटॉपवर नवा रकाना दाखवला. होय, नाही, होय, नाही. त्यांनी चष्मा वर करून दोन-तीन पाने पाहिली आणि बरे आहे म्हणाले. मग जुने रजिस्टर पुढे ओढून बोटाला थुंकी लावून पाने उलटू लागले. एका नावावर थांबले.

"ह्याला ऱ्हायलीया," म्हणाले. "पेन दे जरा."

"कधी?" मी विचारले.

"परवा."

त्यांनी एक उभी रेघ काढली, तिच्यावर दोन तिरक्या. हात थरथरत होता म्हणून वेळ लागला. शाई वाळेपर्यंत त्यांनी पान मिटू दिले नाही. मी माझ्या यादीत ते नाव शोधले. फॉर्म दिलेला होता, आकडेही जुळत होते. समोरच्या रकान्यात 'नाही' होते, तिथे 'होय' केले.